आसनाच्या फटीतील मोबाइल

वाराणसीच्या रामघाटावर पुण्या-मुंबईकडचे यात्रेकरू मला नेहमी भेटतात. पूर्वी ते आगगाडीत रात्र काढून येत. आता बाबतपूरच्या विमानतळावर उतरतात. त्यांतील पुष्कळांना एक गोष्ट ठाऊक नसते : मोबाइल आसनाच्या फटीत घसरला, तर आसन हलवायचे नाही, कर्मचाऱ्याला बोलवायचे. पाठ मागेपुढे करताना आतली यंत्रणा तो चिरडू शकते. मग लिथियम-आयन बॅटरीच्या दोन विद्युताग्रांमधला पातळ पडदा फाटतो, शॉर्टसर्किट होते आणि उष्णता आपोआप भडकत जाते. २०१६ साली सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेल्या क्वांटासच्या विमानात असाच धूर निघाला होता.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी, हा नियम रास्तच. मालकक्षातील आग विझवणार कोण? पण त्यामुळे जोखीम प्रवाशाच्या मांडीपाशी आली. पट्टा बांधण्याच्या सूचनेबरोबर ही सूचनाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बंधनकारक करावी, आणि महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या विमानांत ती मराठीतही द्यावी, असे मला वाटते. त्याला खर्च जवळजवळ नाही. फट झाकणारी आसने बसवणे हे मात्र खर्चाचे आणि वेळखाऊ काम. विमाने वर्षानुवर्षे तीच आसने घेऊन उडतात.