शंभर दाणे आणि ओलं गोणपाट

मे संपता संपता ओसरीवर ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून वळकटी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभराने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बियाणं पेरायला चालतं. गुरुकुंज मोझरी, तिवसा पट्ट्यात माझ्या मते खरीप इथूनच सुरू व्हायला हवा.

सोयाबीनचं टरफल फार पातळ. मळणीयंत्र जोरात फिरलं, काढणीला पाऊस लागला, थैल्यांची थप्पी उंच गेली, की आतला कोंब मरतो. दाणा मात्र बाहेरून तसाच पिवळा, टपोरा. माल कसा ठेवला होता हे विकणाऱ्याला ठाऊक. घेणाऱ्याला कळतं ते पेरणीनंतर.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून हेच दाखवलं. खरं-खोटं ओळखता येत नसलं की गिऱ्हाईक सगळ्यालाच मधला भाव देतं. त्या भावात चांगला माल परवडत नाही, तो बाजारातून उठतो. याच विषयावरच्या कामासाठी 2001 चं नोबेल त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं.

थैलीवरची लेबलं याच अडचणीवरचा उपाय. निळं लेबल म्हणजे तिऱ्हाईत यंत्रणेने तपासून दिलेलं प्रमाणित बियाणं; हिरवं म्हणजे ‘सत्यप्रत’, तिथे शब्द कंपनीचाच. ‘चोर बीटी’ला, म्हणजे बेकायदा विकल्या जाणाऱ्या कापसाच्या बियाण्याला, तर बिलही नसतं, पीक बुडालं तर दाद कुणाकडे मागणार?

2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला, तेव्हा दुसरी बाजूही समोर आली. दाणा किती खोल पडला, पुरेशी ओल होती का, हे शेतकऱ्यालाच माहीत. कंपनी त्याच्या पेरणीवर बोट ठेवते, तो थैलीवर. म्हणून लेबल, बिल आणि मूठभर दाणे थैलीतच राखून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी तेवढंच बोलतं.

घरचं बियाणं शेजाऱ्याला विकताना आपणही विक्रेतेच असतो. आपली गंजी ऐन काढणीत भिजली होती, हे त्याला माहीत नसतं. याच गुरुकुंजाच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेसाठी गाव एकत्र बसवलं. तशाच एखाद्या संध्याकाळी, प्रार्थना आटोपल्यावर, ती वळकटी सगळ्यांसमोर उलगडावी आणि कोंब घेणाऱ्याने मोजावेत.