वॅटचा आकडा आणि तुलनेचा प्रश्न

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने होम थिएटरच्या रिसीव्हरवर बोलावं, हे जरा विचित्रच. पण तुम्ही विचारलंत, ‘दोघांपैकी कुठला घेऊ?’ आणि तुलना कशी करायची हा तर्कशास्त्राचा विषय आहे. शिवाय चाळीस-पन्नास हजार रुपये सहज जातात.

समजा, दोन खोकी समोर आहेत. एकावर 80 वॅट, दुसऱ्यावर 150. दुसरा जवळपास दुप्पट दमाचा? थांबा. बारीक अक्षरातलं वाचा. पहिल्याचा आकडा बहुधा असा असतो: दोन चॅनेल एकदम चालवून, 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, 0.08 टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला. दुसऱ्याचा? एकच चॅनेल, 6 ओहम, फक्त 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन. दहा टक्के म्हणजे आवाज फाटलेलाच की हो! हे दोन आकडे शेजारी मांडणं म्हणजे शेरातून मैल वजा करणं. यंत्रं कदाचित सारख्याच ताकदीची असतील. आपल्याकडे जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे छापलेले असायचे, आठवतंय ना? अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने 1974 साली अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटबद्दल नियमच केला, तो याच चलाखीमुळे. आणि पाचही चॅनेल एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला छापल्यापेक्षा कमी येतं, कारण पॉवर सप्लाय सगळ्यांत मिळून एकच असतो.

बरं, आकडे खरे धरू. वॅट दुप्पट झाले की वाढ होते 3 डेसिबलची. कानाला ती थोडीशीच जाणवते. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. संवेदना उद्दीपनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, हे गुस्टाव्ह फेख्नरने 1860 च्या ग्रंथात मांडलं होतं. गंमत अशी की 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला, तर वॅट दुप्पट केल्याचा लाभ तसाच मिळतो. वीजही जास्त नाही.

आता दुकानात ऐकून ठरवणं. जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती काही जणांना आठवत असेल: बाकी सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला. दुकानात होतं उलटं. रिसीव्हर बदलतो, स्पीकर बदलतात, सिनेमाही बदलतो. त्यातून एक यंत्र एखाद-दोन डेसिबलने मोठं लावलेलं असेल, तर आपण ‘मोठा’ न म्हणता ‘स्वच्छ’ म्हणतो. तेव्हा स्पीकर तेच, खुर्ची तीच, प्रसंग तोच. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप असतं. तेच अ‍ॅप त्याच जागी धरून दोन्हींची पातळी सारखी करून घ्या. विक्रेता कंटाळेल. कंटाळू द्या.

ऐकायचं काय? स्फोट नव्हे, संवाद. आमच्या वयात वरच्या पट्टीतलं आधी ऐकू येईनासं होतं. स, श, फ ही व्यंजनं निसटतात आणि वाक्य कळत नाही. मग घरात रोज तेच: नातवंडं म्हणतात आजोबा आवाज कमी करा, आणि आजोबा हळूहळू त्या खोलीत बसणंच सोडतात. संवाद मुख्यतः मधल्या, सेंटर चॅनेलमधून येतात. तेवढा एक चॅनेल तीन-चार डेसिबल वर करा आणि कुजबुजीचा प्रसंग ऐका. ही सोय बहुतेक सगळ्यांत असते. पण रिमोटवर दोन बटणांत सापडते की मेन्यूच्या सातव्या पायरीवर, हे स्वतः दाबून बघा. रात्रीसाठी मोठा-लहान आवाज जवळ आणणारी सोय आहे का, तेही बघा.

खोलीनुसार आवाज जुळवणारा माइक खोक्यात येतो. त्याचा गुण दुकानात कळत नाही, आपल्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्येच कळतो. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: आठवडाभरात नाही पटलं तर बदलून द्याल का? आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.