गायकाचा कान, गायकाचा गळा

गायकाला स्वतःचा जो आवाज ऐकू येतो, तो श्रोत्यांच्या कानी पडणारा आवाज नसतो. स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंच्या कंपनातून उमटलेला नाद तोंडावाटे बाहेर पडून हवेतून कानाशी येतो, तसाच तो कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णातही पोचतो. अस्थिवहन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या दुसऱ्या वाटेने आवाजातील खालच्या कंपनसंख्येचे अंश अधिक जोराने पोचत असल्यामुळे प्रत्येकाला आपला आवाज आहे त्यापेक्षा भरदार वाटतो, आणि ध्वनिमुद्रणात तोच आवाज पातळ, जवळजवळ परका भासतो. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी भारतीय गायनाचे मुद्रण सुरू होईपर्यंत येथील बहुतेक गायकांना आपला आवाज बाहेरून ऐकण्याची सोय नव्हती. तोवर आवाजाची पारख करणारा बाहेरचा कान म्हणजे गुरूचा कान.

ऐकणे आणि गाणे यांचा सांधा इतका घट्ट आहे, की एक बिघडले की दुसरे आपोआप बिघडते. भोवतालचा गोंगाट वाढला म्हणजे माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी 1911 साली मांडले. मैफलीत गायकासमोरच्या ध्वनिक्षेपकातून स्वतःचा आवाज पुरेसा परत आला नाही, की रियाजाने कमावलेला गळाही ताणला जातो, त्याचे कारण हेच. प्रयोगशाळेत गायकाच्या कानात त्याचाच स्वर यंत्राद्वारे किंचित चढवून सोडला, तर त्याचा गळा लगेच स्वर उतरवू लागतो, आणि ही क्रिया बव्हंशी इच्छेविना घडते. कानामागे तळवा धरून गाणाऱ्या शाहिराने हे शास्त्र वाचलेले नसले, तरी गर्दीत स्वतःचा सूर हाती ठेवण्याचा उपाय त्याला नेमका सापडलेला असतो.

मात्र कानापेक्षाही खोलवर काम करते ती मनातली प्रतिमा, म्हणजे आपला आवाज कसा आहे आणि कसा असायला हवा याविषयीची गायकाची धारणा. आवाज लहान आहे असे मानणारा गायक श्वासाचा दाब वाढवतो, स्वरतंतू एकमेकांवर आवळतो आणि परिणामी नाद अधिकच कोंडतो. गुरूच्या किंवा आवडत्या गायकाच्या आवाजाला आदर्श मानणारा शिष्य त्याची गायकी उचलता उचलता त्याच्या गळ्याची ठेवणही उचलू पाहतो, जी शरीररचनेमुळे त्याला मिळणे शक्यच नसते. घराण्यांच्या तालमीतील अनुकरण हे मोठे सामर्थ्य आहे खरे, पण कित्येक चांगले गळे याच वाटेवर वाया गेले, हेही मान्य करावे लागते.

या दृष्टीने गंगूबाई हनगल (1913–2009) यांचे उदाहरण फार मोलाचे आहे. 1930च्या दशकातील त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत उंच पट्टीतला, बारीक, चपळ आवाज ऐकू येतो. पुढे गळ्यावरील उपचारांनंतर तो खाली उतरला आणि पुरुषी म्हणावा इतका जड झाला. हिंदुस्थानी संगीतात गायिका सामान्यतः काळी चार किंवा पाच या पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या त्या पट्टीला षड्ज मानून गातात. जुन्या प्रतिमेला धरून राहायचे तर त्याच पट्टीत गळा रेटावा लागला असता. गंगूबाईंनी पट्टी खाली आणली, आणि तिच्याबरोबर मांडणीही पालटली: मंद्र सप्तकात ठेहराव, एकेका स्वराला वेळ देत केलेली रागाची बढत, मोकळा आकार आणि वजनदार तान. त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांची किराणा गायकी अशा संथ स्वरविस्ताराला अनुकूल होतीच. पण गळा बदलल्यावर तिच्यातले नेमके काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ही निवड गायिकेची होती. त्यांच्या उत्तरकाळातील मुद्रणांत तार सप्तकाकडे जाणारा स्वर कुठेही पातळ केलेला आढळत नाही. तो त्याच जाडीने, पूर्ण श्वासावर वर चढतो.