कोंबड्यांच्या अन्नपिशवीतील किण्वरोग

पिले मलूल दिसू लागली, पिसे विस्कटली व वाढ खुंटली म्हणजे पुष्कळ ठिकाणी पिण्याच्या पाण्यातून प्रतिजैविक औषध सुरू करण्यात येते. चार दिवसांत गुण न आल्यास तेच औषध पुन्हा दिले जाते. अशा वेळी मेलेल्या पिलाची गळ्याखालील अन्नपिशवी चिरून पाण्याने धुवून पाहावी. आतील अस्तर पांढुरके, जाड व टर्किश टॉवेलासारखे खरबरीत दिसल्यास कँडिडा अल्बिकन्स या किण्वाचा, म्हणजे यीस्टचा, संशय घ्यावा. तान्ह्या मुलांच्या तोंडात पांढरे चट्टे उठविणारे किण्व हेच होय.

हे किण्व निरोगी पक्ष्यांच्या व माणसांच्याही अन्नमार्गात नेहमीच अल्प प्रमाणात असते व उपद्रव देत नाही. मग ते अस्तरात शिरते कसे? किण्वास ना तोंड, ना दात. ते आपले अन्न शरीराबाहेरच पचविते व मग शोषून घेते. त्यासाठी ते प्रथिने तोडणारी विकरे पाझरते. रक्तातील प्रथिनांवर कँडिडाची उपजीविका होऊ शकते, असे जर्मन संशोधक श्टाइब यांनी १९६५ साली दाखविले. पुढे या किण्वात अशी १० विकरे आढळली. त्यांपैकी ८ बाहेर सोडली जातात व २ किण्वाच्या पृष्ठभागासच चिकटून राहतात. किण्व गोल असताना काही विकरे कामास येतात, तर ते तंतुरूप होऊन आत घुसू लागले म्हणजे दुसरी.

ही विकरे जठरातील पेप्सिनच्या कुळातील असल्यामुळे त्यांस आम्लता मानवते. आणि अन्नपिशवीत दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे आम्लता असतेच. केराटिन व कोलॅजेन ही अस्तराची बांधणी करणारी प्रथिने ती तोडतात. एवढेच नव्हे, तर अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रतिद्रव्यांचेही तुकडे करतात. राखणदारच कापला गेल्यावर शेताची काय कथा! तथापि सर्व दोष विकरांच्या माथी मारणे बरोबर नाही. हे प्रयोग बहुतांशी मानवी पेशी व उंदीर यांवर झालेले आहेत. शिवाय हे किण्व पेशींस छिद्रे पाडणारे एक विषही सोडते, असे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

प्रतिजैविके जिवाणूंस मारतात. किण्वास त्यांचा काहीच त्रास होत नाही. उलट जागा अडवून बसलेले जिवाणू नाहीसे झाल्याने त्यास रान मोकळे मिळते. म्हणून वर सांगितलेली पुनःपुन्हा औषध देण्याची रीत रोग वाढविणारी ठरते. संशय येताच आजारी पिले पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावीत व चालू प्रतिजैविक त्यांच्याच सल्ल्याने थांबवावे. निस्टॅटिन हे किण्वनाशक १९५० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील हेझन व ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी शोधून काढले. त्या राज्यावरूनच त्यास हे नाव पडले. ते पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत खाद्यातून द्यावे. पाण्याची भांडी रोज घासून वाळवावीत, बुरसलेले खाद्य टाकून द्यावे व खाद्यात अ जीवनसत्त्व कमी पडू देऊ नये.