चिवणीचा काटा आणि खाडीचं पाणी

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांची खडखड आठवते, आणि अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत गोदामांच्या रांगा. कामतघरच्या जुन्या आगरी घरांचा हिशेब वेगळा होता. जवळ वऱ्हाळादेवीचा तलाव, शहरातून खाडीकडे जाणारी कामवारी आणि सायकलवर टांग टाकली की काल्हेर-कशेळीची खाडी. भात शेतातलं, कालवण चिखलातलं. कुणी किती मोठा जिताडा धरला याच्या गप्पा ओट्यावर रात्ररात्र रंगायच्या, पण तो धरताना हाताचं काय झालं ते चार वाक्यांत उरकलं जायचं. ती चार वाक्यं जरा सावकाश पाहण्यासारखी आहेत.

सगळ्यात जास्त हात फोडले ते चिवणीने. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, ओढे-नाले खाडीला भिडले की गाबोळीने फुगलेल्या चिवण्या उलट्या पाण्याने वर चढायच्या. वलगणीची ही धांदल दोन-चार दिवसांचीच. कंदील, पाग, आसू, नाहीतर नुसती टोपली घेऊन अर्धा गाव बांधावर. घाईत आणि अंधारात कुणीतरी मूठ आवळायचा आणि ओरडायचा. चिवणी काय, तिचा खाडीतला मोठा भाऊबंद शिंगाळा काय, मिशीवाल्या या माशांना तीन काटे असतात: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना. मासा घाबरला की तिन्ही ताठ उभे राहतात आणि मुळाशी असे अडकतात की दाबून खाली बसत नाहीत. खिट्टी लागल्यासारखे. काट्याच्या कडेला बारीक दाते असतात, म्हणजे आत शिरताना जेवढं फाटतं त्याहून जास्त बाहेर येताना. आणि काट्यावरच्या पातळ कातडीत विषाच्या पेशी असतात. ती कातडी जखमेत फाटते आणि विष तिथेच सांडतं.

मग सुरू होतो ठणका. काट्याच्या टाचणीएवढ्या भोकातून कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. जखमेची कड आधी पांढरट पडते, मग हात सुजतो. माझ्या आजीच्या हाताला मात्र कधी काही झालेलं आठवत नाही. ती मासा शेपटीकडून कधीच धरायची नाही. डोक्यावरून तळवा सरकवत न्यायचा, पाठीचा काटा दोन बोटांच्या बेचक्यात घ्यायचा, अंगठा आणि मधलं बोट बाजूच्या काट्यांच्या मागे रुतवायचं. मग मोरलीवर पहिले तीन घाव त्या तीन काट्यांवर, बाकी मासा नंतर. तोडलेले काटे ती चुलीत टाकायची, उकिरड्यावर नाही, कारण मेलेल्या माशाचा काटाही अनवाणी पायाला सोडत नाही. हे तिने कुणाला समजावून सांगितलं नाही. शेजारी बसून पाहायचं, एवढीच शाळा.

काटा लागल्यावरचे इलाज मात्र पुष्कळ, आणि सगळेच काही शहाणपणाचे नव्हते. हळद-चुना थापायचा, मनगटाला सुतळी आवळायची, कुणी तंबाखू चोळायचा. सुतळीने तर उलट नुकसानच; सुजणाऱ्या हाताचं रक्त अडवून काय साधणार? पण एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरात व्हायची: हात चुलीच्या धगीला धरायचा, नाहीतर सोसेल तेवढ्या कढत पाण्यात बुडवायचा. आणि ठणका उतरायचा.

पुढे दवाखाने आले तेव्हा शिकल्या-सवरल्या घरांनी हा शेक गावठी म्हणून सोडला. माझ्या एका चुलतभावाला १९८०च्या दशकात शिंगाळ्याचा काटा लागला. दवाखान्यात सुजेवर बर्फ ठेवला गेला आणि तो रात्रभर तळमळला. तोवर वैद्यकशास्त्र दुसरीकडे निघालं होतं हे आम्हाला कुठलं माहीत! अमेरिकेत फिंडले रसेल या विषतज्ज्ञाने १९५०च्या दशकातच पाकट या शेपटीला विषारी काटा असलेल्या माशाच्या दंशावर गरम पाण्याचा उपाय सांगितला होता. या माशांचं विष मुख्यतः प्रथिनांचं, आणि ती प्रथिनं उष्णतेने बिघडतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी पाकटाने जखमी केलेल्या ११९ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यातही गरम पाण्याने बहुतेकांची वेदना उतरल्याचं दिसलं. आज सांगितलं जातं ते असं: साधारण ४५ अंश सेल्सिअसचं पाणी, अर्धा ते दीड तास, आणि पाण्याचा अंदाज दुसऱ्या, धड हाताने घ्यायचा. शेवटची अट महत्त्वाची, कारण ठणकणाऱ्या हाताला भाजलेलंही कळत नाही. चुलीपाशी कातडी सोललेली माणसं मी पाहिली आहेत.

पाकटाबद्दल शहराला उशिरा जाग आली. खाडीत जाळ्यात पाकट आलं की आधी शेपूट छाटायची, हे इथे पोरालाही ठाऊक होतं. ४ सप्टेंबर २००६ रोजी टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारा स्टीव्ह आयर्विन ऑस्ट्रेलियात पाकटाच्या काट्याने गेला, तेव्हा टीव्हीमुळे तो मासा घरोघरी पोचला. त्याच्या मृत्यूत विषापेक्षा छातीत शिरलेला दातेरी काटा निर्णायक ठरला. छाती, पोट, मान अशा ठिकाणी काटा रुतला तर तो उपसायचा नाही, तसाच ठेवून रुग्णालय गाठायचं, हे त्यामुळेच सांगतात. मग २०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांच्या पायांना पाकटांनी काटे मारले. आता विसर्जनाच्या दिवसांत मत्स्यव्यवसाय विभागाच्या आणि पालिकेच्या सूचना येतात: अनवाणी उतरू नका, गमबूट घाला. आमच्याकडे पाय उचलून टाकत नसत, चिखलातून घसटत नेत. पाय घासत आला की पाकट आपणहून सरकतं, वरून पडला तरच शेपूट फिरवतं.

या सगळ्या काळात मासा बदलला नाही, पाणी बदललं. उल्हास नदी वाटेतल्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी घेऊन येते, कामवारीत भिवंडीचं सांडपाणी मिसळतं. काठावरच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. मुंबईच्या जकातीबाहेरची मोकळी जागा म्हणून आली, २०१७ साली जीएसटीने जकात गेली तरी वाढतच राहिली. चिवण्या चढायच्या त्या नाल्यांची कितीतरी ठिकाणी गटारं झाली. जिथे मासा उरला तिथे तिलापिया आणि बंदी असलेला मांगूर घुसला. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९च्या आदेशानंतर भिवंडी तालुक्यात मांगुराची तळी बुजवण्याच्या कारवायाही झाल्या. मांगुराच्या पाठीवर काटा नसतो म्हणून लोक गाफील राहतात. बाजूचे दोन असतातच.

घाण पाण्याने काट्याचा धोकाच पालटला. पूर्वी रात्र काढली की संपायचं. आता ठणका उतरल्यावर दोन-चार दिवसांनी लाल रेघ वर चढताना दिसते तेव्हा खरी गोष्ट सुरू होते. कोमट, मचूळ पाण्यात वाढणारे व्हिब्रिओ जिवाणू जखमेतून आत गेले तर काही तासांत हात काळानिळा पडू शकतो. यकृताचा आजार असणाऱ्याला आणि मधुमेह्याला तर जिवाची भीती. धनुर्वाताचं इंजेक्शन, जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुणं, आत तुटलेला काट्याचा तुकडा एक्स-रे काढून शोधणं, यातलं काहीच चुलीपाशी होण्यासारखं नव्हतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांचा दवाखान्यावर विश्वास नव्हता, तिथे ते चुकले, असं मला स्पष्ट वाटतं.

रविवारी काल्हेरच्या काठावर आता गळ टाकून बसणारी मंडळी वेगळी आहेत. गोदामांतले हमाल, यंत्रमाग कारागीर, ठाण्याहून मोटारसायकलवर आलेली पोरं. हातात महागडी रीळ, पायात रबरी चपला. जिताडा लागावा अशी सगळ्यांची इच्छा. त्याला विष नसतं, पण कल्ल्यांच्या झाकणाची कड बोट कापते. लागतो मात्र बहुतेक वेळा शिंगाळा. मग एकजण मोबाईलवर शूटिंग करतो, दुसरा मासा मुठीत धरतो. जवळ पक्कड असेल तर गळ काढता येतो, नसेल तर दोरा कापून मासा सोडावा. चहावाला तिथेच असतो, किटलीत पाणी उकळत असतं. त्याच्याकडे बादलीभर सोसवेलसं पाणी मागावं, हे अजून कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही. बर्फाच्या पिशव्या मात्र मासे ठेवायला सगळ्यांजवळ असतात, आणि काटा लागला की पहिला हात त्यांच्याकडेच जातो.