बाजारातला बाक आणि मनाचे ओझे

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. उन्हाळ्यातला शेतकऱ्यांचा बाजार आणि थोड्या संख्येच्या समाजांचे मानसिक आरोग्य, यांचा संबंध तो काय? भाजी घ्यावी, पैसे द्यावेत आणि घरी यावे. मनाचे काही बिघडले तर डॉक्टरांकडे जावे. परंतु ज्यांच्या मनावर सर्वांत अधिक ओझे असते ते डॉक्टरांकडे जात नाहीत, आणि बाजारात मात्र येतात. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की संबंध आपोआप उघड होतो.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवू. कायद्याने अल्पसंख्य म्हणजे मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन. आम्ही येथे हा शब्द थोडा रुंद करतो. ज्या समाजाची माणसे थोडी, बोली निराळी आणि कचेरीत ओळखीचे कोणी नाही, तो समाजही व्यवहारात अल्पसंख्यच होय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभर माणसांमागे आदिवासी नऊच्या आसपास आहेत. नवी मुंबईच्या पाठीशी पनवेल, कर्जत, खालापूर या भागांतल्या डोंगरवाड्यांत ठाकर आणि कातकरी राहतात. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत होते. आज त्यांच्यापुरतेच बोलू.

चैत्र-वैशाखात आपल्या शहरात करवंदे, जांभळे, कैऱ्या, फणस यांचा रानमेवा येतो. तो आणणारी बाई पहाटे डोंगर उतरते, डोक्यावर पाटी घेऊन गाडी पकडते आणि स्टेशनाबाहेर किंवा पदपथाच्या कडेला बसते. वाशीच्या बाजार समितीत तिला गाळा नाही. १९८१ साली मुंबईचा कांदाबटाटा बाजार वाशीला आला, पुढे मसाला, धान्य, फळे, भाजी आली. तो बाजार गाडीभर मालाचा, पाटीभर मालाचा नव्हे. २०१६ साली सरकारने फळेभाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. हे चांगले झाले. पण जिच्या नावावर सातबारा नाही, जिचे शेत म्हणजे रान, तिला तेथे शेतकरी कोण म्हणणार? वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे ती मालाची धनीण आहे. बसायला जागा मात्र नाही. अतिक्रमणाची गाडी आली की माल जातो आणि त्याबरोबर त्या दिवसाची चूल जाते.

तिच्या घरचा पुरुष बहुधा वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर असतो. पावसाळ्यात घरी दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची, दिवाळीनंतर कुटुंबासह भट्टीवर जायचे, पाऊस तोंडावर आला की परतायचे आणि हिशेबात पुन्हा काही बाकी निघायची. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचलीची धास्ती कायद्याने बंद होत नाही. त्यात आपत्ती आली म्हणजे पाहायलाच नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा शोधच लागला नाही. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवले, मग सिडकोने घरे बांधली. घरांची मोजदाद करता येते. ज्याचा देहही सापडला नाही त्याचा शोक किती दिवस करावा, हे कोणत्या पंचनाम्यात लिहायचे?

अशी माणसे 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड झाले, अंगात त्राण नाही, बाहेरचे काही झाले असेल. कोणी भगताकडे जाते, कोणी दारूकडे. आपण शहरचे लोक यावर हसतो. पण भगत निदान त्यांच्या बोलीत त्यांचे ऐकून घेतो, हे विसरू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे सुमारे दहाजण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पीडित आढळले, आणि बहुतेक विकारांत शंभरांपैकी सत्तरांहून अधिक रुग्णांना उपचार मिळालेलाच नव्हता. सगळ्यांची ही गत, तर डोंगरवाडीची काय असेल याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत बीबी मूर कॅम्बेल या कृष्णवर्णीय लेखिकेने आपल्या समाजातील मनोरुग्णांसाठी आवाज उठविला. तिच्या मृत्यूनंतर, २००८ साली, तेथील काँग्रेसने जुलै महिना अल्पसंख्यांच्या मानसिक आरोग्याच्या जागृतीसाठी तिच्या नावाने ठरविला. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेने तर कृतीचा धडा घालून दिला. हरारे शहराचा म्बारे हा भाग मोठ्या भाजीबाजारासाठी प्रसिद्ध आहे. मनोविकारतज्ज्ञ अत्यंत थोडे, म्हणून २००६ साली डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी तेथे चौदा आजीबाईंना शिकवून तयार केले. दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकला, आजी त्यावर बसते आणि आलेल्याचे ऐकते. तेथील भाषेत या दुखण्याला 'फार विचार करणे' असा अर्थ असलेला शब्द आहे. आजी तोच वापरते. २०१६ साली त्याची शास्त्रीय परीक्षा प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत शंभरांपैकी पन्नास जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती. बाकावर बसलेल्यांत सुमारे चौदा.

आपल्याकडेही दाखला आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यात, ४१ गावांत, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचे काम केले. गावातलीच माणसे शिकवून तयार केली. ती शेजाऱ्याचे दुःख ऐकत, लहान चित्रफिती दाखवीत, आणि त्याबरोबरच सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत करीत. यातली शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

कारण कामगार विचारील की, बोलून पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे. हमालाच्या पाठीचे उदाहरण घ्या. पाठ मोडते म्हणून त्याला 'धीर धर' असे सांगून भागले नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोंहून अधिक नसावे. १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला. गोणी हलकी करावी लागते, आणि तोवर मोडलेल्या पाठीवर औषधही लावावे लागते. दोन्ही कामे एकमेकांची वैरी नाहीत. मनाचेही तसेच आहे. उचल, हाकलाहाकली आणि अपमान ही मनावरची गोणी होय. ऐकणारा माणूस हे औषध होय. गोणी तशीच ठेवून नुसते औषध लावणे ही फसवणूक, आणि गोणी हलकी होईपर्यंत औषध न देणे हे क्रौर्य.

यासाठी नवे कायदे मागण्याची गरज नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या ठरविल्या, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जमाती व अल्पसंख्य यांना योग्य प्रतिनिधित्व सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धर्म, जात, वर्ग असा भेद न करता उपचाराचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक विनामूल्य चालू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. कागद तयार आहे; कागदाला बाजारात आणून बसवायचे आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके. नवी मुंबईच्या प्रत्येक उपनगरात उन्हाळ्याचे तीन महिने आठवड्यातून एक दिवस पाटीवाल्यांचा बाजार भरावा. तेथे सावली, पाणी, मोरी आणि सातबारा न विचारता बसायला जागा असावी. तेथेच एक बाक असावा आणि त्यावर त्याच वाड्यांतली, त्यांची बोली जाणणारी, शिकवून तयार केलेली बाई बसावी. तिला तिच्या दिवसाचा मोबदला मिळावा. बाकावर वेड्यांसाठी अशी पाटी लावू नये, काहीच पाटी लावू नये. दुखणे मोठे दिसले तर तिने रुग्णाबरोबर स्वतः दवाखान्यात जावे.

आणि गिऱ्हाइकाचे काम? करवंदांच्या वाट्यासाठी दोन रुपयांची घासाघीस करू नये. बाईला 'ए' म्हणून हाक न मारता 'मावशी' म्हणावे, गाव विचारावे, आणि अतिक्रमणाची गाडी आली तर चार माणसांनी तिच्या पाटीजवळ उभे राहावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.