पाठीवरचा पंप, टेबलावरचा मिक्सर

मिक्सर उलटा केला की बहुतेक मिक्सरांच्या बुडाशी एक लहानसं बटण दिसतं. वाटण जास्त भरलं, मोटर तापली, की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. घरची माणसं म्हणतात, जळला. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला जाणकार मोटर थंड होऊ देतो, बटण आत दाबतो आणि मिक्सर फिरायला लागतो. पुष्कळ वेळा बिघाड एवढाच असतो. नाहीतर भांड्याखालचा कपलर झिजलेला असतो किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेले असतात. दोन्ही स्वस्त वस्तू. फक्त बऱ्याच मिक्सरमध्ये कपलरचे आटे उलटे असतात हे ठाऊक हवं, नाहीतर नवशिका जोर लावून तो तोडून बसतो.

कसलेला मिस्त्री कुठलीही बंद वस्तू थेट बोर्डात लावत नाही. आधी ती सिरीज बल्बवर जोडतो. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब वस्तूच्या वाटेत बसवलेला असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो. मोटर धड असेल तर मंद उजेड येतो. वायर तुटली असेल तर बल्ब पेटतच नाही. अर्ध्या मिनिटात निदानाची दिशा ठरते. स्वयंसेवकांनी चालवलेल्या दुरुस्ती केंद्रात सगळ्यात आधी लागतं ते हे साधं साधन, आणि ते वापरणारा, घाई न करणारा माणूस.

अशा केंद्रांचा आजचा साचा अ‍ॅमस्टरडॅममधून आला. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी 18 ऑक्टोबर 2009 रोजी तिथे पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बंगळुरूत तो 2015 मध्ये सुरू झाला. मुख्य नियम एकच: वस्तू ठेवून निघून जायचं नाही. मालकाने शेजारी बसायचं, स्क्रू धरायचे, बघायचं. त्याने पुढच्या वेळी बुडाचं बटण स्वतः दाबावं, हा हेतू.

हा साचा उमरखेडला जसाच्या तसा आणला तर चुकेल. यवतमाळ जिल्ह्यातलं, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं, नांदेडच्या सीमेला टेकलेलं हे तालुक्याचं गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातली कपाशी, सोयाबीन, हळद आणि ऊस यांवर इथला बाजार चालतो. युरोपच्या शहरांत दुरुस्ती करणारा हात दुर्मिळ झाला म्हणून स्वयंसेवक पुढे आले. आपल्या तालुक्यांच्या गावांत तो हात अजून आहे. वाइंडिंगवाला आहे, शिलाई मशीन जुळवणारा आहे, मोबाइलवाला आहे. मार्च सरला की कूलरसाठी त्यांच्याकडे रांग लागते: कुणाचा कंडेन्सर गेलेला, कुणाचा टिल्लू पंप क्षारांनी बसलेला, कुणाच्या ताट्या कुजलेल्या. तिथे दर रविवारी फुकट दुरुस्तीचं टेबल मांडलं तर त्या माणसाचा हंगाम बुडेल. तेव्हा इथल्या केंद्राने त्याच्या पोटावर पाय देता कामा नये. दुकानात मजुरीच वस्तूच्या किमतीहून जास्त होते म्हणून परत पाठवली जाणारी कामं केंद्राने घ्यावीत, आणि शिकवायला मिस्त्रीलाच मानधन देऊन बोलवावं. केंद्राला मदत करू इच्छिणाऱ्यांच्या देणगीचा पहिला खर्च हाच असावा. स्वयंसेवा करणारा नोकरदार रविवार देऊ शकतो. हातावर पोट असलेल्या कारागिराकडून तो फुकट मागणं योग्य नाही.

आणि मग फवारणीचा पंप. यवतमाळ जिल्ह्यात दुरुस्तीचा विषय निघाला की त्याला बगल देता येत नाही.

2017 च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणं. पण पाठीवरच्या टाकीचं झाकण गळत असेल, नळीचा जोड ओला राहत असेल, तर औषध तासन् तास सदऱ्यातून कातडीत मुरतं, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. गळती थांबवायला बहुतेक वेळा एक वायसर पुरतो. तो बदलला जात नाही, कारण ऐन फवारणीत पंप तालुक्याला न्यायला सवड नसते आणि बहुतेकदा पंप शेतमालकाचा, पाठ मजुराची असते.

बॅटरीच्या पंपात साधारण सोळा लिटरची टाकी, बारा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी आणि लहानशी मोटर असते. हंगाम संपला की पंप गोठ्यात टांगला जातो, बॅटरी चार्ज न होता महिनोन् महिने पडून राहते आणि आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो. जूनमध्ये शेतकरी म्हणतो, पंप बिघडला. पंप ठीक असतो. बॅटरी उपाशी मेलेली असते. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावली असती तर तिने आणखी हंगाम काढला असता. नोझलचं तसंच. तुंबलं की लोक तोंडाने फुंकतात किंवा तार घालतात. फुंकण्याने विष ओठाला लागतं. तारेने भोक मोठं होतं आणि एकरी औषध जास्त पडतं. मऊ ब्रश आणि पाणी, एवढंच त्याला हवं.

हे पंप घरगुती वस्तूंच्या टेबलावर कधीही येऊ देऊ नयेत. शेतातच तीनदा धुऊन, ते पाणी विहिरीत किंवा नाल्यात न सांडता शेतातच वापरून, मगच आणायला सांगावं. केंद्रात त्यांची जागा उघड्यावर, वेगळ्या हत्यारांसह. हातात रबरी मोजे. आणि चाचणी साध्या पाण्यावर. मेलेली बॅटरी उघडायची नाही, नवी घेताना विक्रेत्याला परत द्यायची.

वापरलेल्या वस्तूंची केंद्रं सरकारनेही काढली होती. केंद्र सरकारच्या मोहिमेत 20 मे 2023 पासून देशभरातल्या नगरपालिकांना जुने कपडे, पुस्तकं, खेळणी घेणारी केंद्रं उघडायला सांगण्यात आलं. मोहीम 5 जूनपर्यंत चालली. कल्पना चांगली. पण जमा करणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. वस्तू येतात त्या दारातच हाताळून बघाव्या लागतात: हा कपडा घालण्याजोगा, हा पुसण्याचा, हा घ्यायचाच नाही. नाही म्हणणारा माणूस दारात नसेल तर थोड्याच दिवसांत केंद्राचं गोदाम होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था 2008 पासून काम करते. तिचं बळ या निवडीतच आहे, कारण कुठली वस्तू पुन्हा चालेल हे कचरावेचक बाईच्या हाताला कळतं. उमरखेडच्या केंद्राने आपल्या भंगारवाल्यांना आणि वेचक बायांना पाहुणे म्हणून न बोलावता निवडीचं काम मोबदल्यासह त्यांच्याकडे द्यावं.

दुरुस्तीचा विचार आपल्याकडे नवा नाही. 1929 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटींमध्ये किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी होती, यंत्र वीस वर्षं टिकायला हवं होतं आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये असंही होतं. यंत्र बनण्याआधीच त्याच्या दुरुस्तीचा हिशोब मांडला गेला होता. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात शेती अवजारंही धरली आहेत. पण पंपाचा तो एक वायसर तालुक्याच्या बाजारात मिळतो का, यावर शेतकऱ्याचा हक्क ठरतो.

म्हणून केंद्राला हातभार लावायचा तर जुन्या वस्तूंची पोती नकोत. सुट्या भागांचा डबा भरून द्या: वायसर, नोझल, कार्बन ब्रश, कपलर, अडीच मायक्रोफॅरडचे कंडेन्सर. कुणी नोंदवही सांभाळावी: वस्तू कुठली, बिघाड कुठला, भाग कुठला लागला, जमली की नाही. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की कुठला भाग किती मागवायचा हे ठरवता येतं आणि दुकानदारालाही घाऊक मागणी देता येते. पंपांचं शिबिर मे महिन्यातच उरकावं. मृग लागला की शेतकऱ्याला सवड नसते. आणि शिबिराचा निरोप शेतमालकाबरोबर फवारणीच्या मजुरांपर्यंतही, त्यांच्या वस्तीत जाऊन द्यावा. पंप कुठे गळतो, ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.